दाराआडचं मांजर

बायकोला मी जवळजवळ सगळं सांगतो. लग्नाआधी कोण आवडायची, कुणाशी भांडलो, कुठे तोंडघशी पडलो, सगळं. हे मात्र तिला सांगितलेलं नाही. भावाला नाही, मित्रालाही नाही. एकदा दोन पेग पोटात गेल्यावर अगदी ओठांवर आलं होतं, पण समोर बसलेला माणूस तोच होता, ज्याच्याशी मी असा वागलो. मग पापड मोडून खाल्ला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच. त्यात थोरपणा शोधू नका.

आणि सुरुवात तशी गमतीची आहे बरं. भुतांच्या सिनेमांची आहे. हसू आलं तर हसा. आम्हीही हसलो होतो — तेच तर सांगायचंय.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, चेन आणि बटणांच्या एका दुकानावर माझी कामाची खोली आहे. शेजारी जीन्स शिवणारे कारखाने. त्यांच्या मशिनी चालू झाल्या की माझी फरशी थरथरते. वर्षभर मी नवऱ्यामुलींचं रडणं आणि वरमायांचं नाचणं जोडत बसतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, तरी बारशी, साखरपुडे, दुकानांची उद्घाटनं असं काहीबाही चालू असतं. पितृपक्ष लागला की तेही बंद. कुणी नवा रुमालसुद्धा घेत नाही, मग कॅमेरेवाला कोण बोलावणार? त्या रिकाम्या दिवसांत करायचं काय, म्हणून आमचं ते खूळ सुरू झालं.

ऑनलाइन ओळखीतून जमलेला भयपटवेड्यांचा ग्रुप होता. मीच काढलेला. कुणी कोल्हापूरचं, कुणी नागपूरचं, एक बाई मस्कतला. प्रत्यक्ष भेटलेले फार थोडे. ग्रुपचं नाव ‘पंधरवडा’. दरवर्षी पितृपक्षात आम्ही सिनेमांची देवाणघेवाण करायचो. गणपती गेले की लगबग सुरू. स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, मी कॅमेऱ्यासमोर डबा हलवायचा, आणि ज्याच्या वाट्याला जे नाव येईल त्याने त्या माणसासाठी एक भुताचा सिनेमा निवडायचा. लोक त्यासाठी किती डोकं लावायचे! कुणाला जुनं घर आवडतं, कुणाला जंगल, कोण पटकन दचकतं, कोण शेवटपर्यंत ढिम्म बसतं. लग्नात मानपान करावा तसं चालायचं.

नियम दोनच. सिनेमा एका बैठकीत बघायचा, मध्ये उठायचं नाही. आणि बघताना मोबाईल आपल्यासमोर उभा करून व्हिडिओ कॉलवर यायचं. माईक बंद, चेहरा चालू. सिनेमा तो बघणार, आणि आम्ही सगळे त्याचा चेहरा बघणार. याला आम्ही ‘मुखदर्शन’ म्हणायचो. खरी मजा तीच होती. भुतं सगळीकडे सारखीच, माणसं घाबरतात मात्र आपापल्या पद्धतीने.

आणि एक सोय होती. ती माझ्यामुळे होती, म्हणून तिचा मला अभिमानही होता. आम्ही तिला ‘कात्री’ म्हणायचो. प्रत्येकाला काहीतरी एक सहन होत नाही, बरोबर? भीती वाटणं वेगळं आणि सहन न होणं वेगळं. ते प्रत्येकाने फक्त मला सांगायचं. निवडलेला सिनेमा आधी माझ्याकडे यायचा, मी तेवढा भाग कापायचो, सांधा दिसणार नाही असा जोडायचो आणि निवडणाऱ्याकडे परत द्यायचो. तो पुढे पाठवायचा. कोल्हापूरच्या एका पैलवान गड्याला इंजेक्शनची सुई चालायची नाही. मस्कतच्या बाईंना पाल. मी कधी कुणाला हसलो नाही, कुणाचं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरशी बोलावं तसं लोक माझ्याशी बोलायचे.

आता प्रज्ञाबद्दल सांगतो. थांबा — आधी नितीनबद्दल सांगतो. तिच्याबद्दल सांगायचं मी अजूनही पुढे ढकलतोय, बघा.

नितीन अंबरनाथचा. एमआयडीसीत पॅकिंगच्या कंपनीत मशीनवर. घरचे मूळचे कोकणातले शेतकरी. धांदरट, प्रेमळ, आणि कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच सॉरी म्हणणारा. मला दादा म्हणायचा. म्हणायचा काय, अजून म्हणतो. सिनेमा कापणं त्याला मनातून आवडायचं नाही. “बनवणाऱ्याने काहीतरी विचार करूनच ठेवलं असेल ना, दादा,” असं त्याने एकदा ग्रुपवर लिहिलं होतं. वाद नव्हता, नुसतंच लिहिलं होतं. पण सगळ्यांनी वाचलं होतं. मला ते पुढे उपयोगी पडलं.

प्रज्ञा बदलापूरची, कुळगावात राहणारी. खासगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. आई गेलेली, घरी ती आणि वडील. घर बौद्ध, त्यामुळे पितृपक्षावरून ती सगळ्यांना चिडवायची. “तुमचे पितर जेवायला येतात म्हणून तुमची धावपळ. आमच्याकडे कोणी येत नाही, मला सिनेमा बघायला वेळच वेळ.” आणि बघून झाल्यावर ती जे लिहायची ना — चार-पाच ओळी, त्याही अर्ध्या हिंदीत — ते वाचण्यासाठी लोक थांबून राहायचे. ग्रुप मी काढला, डबा मी हलवायचो, कात्री माझी. पण सिनेमा चांगला की वाईट हे प्रज्ञाने ठरवायचं असं कधी झालं, कळलंच नाही. मला खुपायचं का? हो, खुपायचं. तोंडावर मात्र, वा प्रज्ञा, काय लिहिलंस.

नितीन आणि ती ग्रुपवरच भेटले. मग अंबरनाथच्या शिवमंदिराच्या मागे, नाल्याच्या काठी बसायला लागले. लग्नापर्यंत आलं. तिच्या वडिलांची काही हरकत नव्हती. नितीनच्या आईने बरेच दिवस तोंड वाकडं केलं — आपल्यातली नाही, लोक काय म्हणतील, नेहमीचंच. शेवटी तीही वळली. दिवाळीनंतर दोन्ही घरांनी बसून बोलायचं ठरलं. हे सगळं मला माहीत होतं. दोघंही मला सांगायचे, आणि दोघांनाही मी सल्ला द्यायचो.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी एक छोटी भुताची फिल्म पूर्ण केली होती. बंद पडलेल्या एका जीन्स धुण्याच्या शेडमध्ये शूट केलं, मेहुणीला नायिका केलं. लोकांच्या लग्नांतून वेळ चोरून दोन वर्षं त्या फिल्ममागे होतो. ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, खरं खरं सांगा, राग येणार नाही. सगळ्यांनी अंगठे दिले. प्रज्ञाने खरं खरं सांगितलं.

“भूत छान जमलंय, दादा. पण त्याला घाबरणारी बाई खोटी वाटली. तिच्याकडे गमवायला काही आहे असं दिसतच नाही. मग मी कशाला घाबरू?”

एवढंच. वाईट बोलली का? नाही. आज विचाराल तर अगदी बरोबर बोलली. पण त्यानंतर ज्यांनी अंगठे दिले होते तेच एकेक करून म्हणायला लागले — हो ना, मलाही तसंच वाटलं. मला मिरच्या झोंबल्या. मी लिहिलं, “थँक यू प्रज्ञा, शिकायला मिळालं.” आणि मनात म्हटलं, तुला खरी घाबरलेली बाई बघायचीय? दाखवतो.

तसं लगेच काही ठरवलं नव्हतं. निदान मी स्वतःला तसं सांगायचो. श्रावण गेला, गणपती गेले. चिठ्ठ्या टाकायच्या आधी नितीनचा फोन आला. लाजत लाजत म्हणाला, “दादा, तेवढं प्रज्ञाचं नाव माझ्याकडे येईल असं बघ ना.” मी हसलो आणि डबा हलवताना तिची चिठ्ठी त्याच्यासाठी बोटांत दडवून ठेवली. यात वाईट काही नव्हतं. प्रेमाची लबाडी होती ती, मीही खूश होतो.

मग कात्रीसाठी प्रज्ञाचा फोन आला. आधीच्या वर्षांत ती म्हणायची, मला काही नको कापू, मी सगळं बघते. त्या वर्षी म्हणाली, हसशील, पण सांगते.

तिची आई न्हाणीघरात गेली होती. सकाळी, कपडे धुवायला. प्रज्ञा बाहेरच्या खोलीत एका कानात इअरफोन घालून सिनेमा बघत बसलेली — भुताचाच. आतून आवाज येत होता. धप, धप. कपडे धोपटल्याचा. तिने बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, “आई, हळू आपट ना, मला ऐकू येत नाहीये.” आवाज हळूहळू कमी झाला, मग थांबला. “आणि मला बरं वाटलं, दादा,” ती म्हणाली. आई कपडे धोपटत नव्हती. छातीत कळ आली होती, खाली पडली होती आणि दारावर हात मारत होती. आतून कडी होती.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. वडिलांना वाटतं की आई एका क्षणात गेली. नितीनला लग्नानंतर सांगेन, म्हणाली. मला सांगून टाकलं, कारण — का बरं? कारण मी कात्रीवाला दादा. “बंद दारामागून थापा असं काही असेल ना, तेवढं काप. बाकी कितीही भुतं असू देत.” मी म्हटलं, काळजी करू नकोस. फोन ठेवल्यावर मला खरंच वाईट वाटलं होतं. हे खोटं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी बसलं होतं, आणि ते खूश होतं.

नितीनने निवडलेला सिनेमा आला. परदेशी, जुना, हळुवार. डोंगरातलं घर, तिथे राहणारी एकटी बाई. घाबरवण्यापेक्षा जीव लावणारा सिनेमा होता. प्रेमात पडलेला माणूसच असा निवडेल. त्यात एके ठिकाणी ती बाई बंद दारासमोर उभी राहते, आतून दोन-तीन थापा येतात, ती घाबरत दार उघडते आणि आतून मांजर बाहेर येतं. बाई हसते. संपलं.

तेवढं कापायचं होतं. मला ते काम किती वेळाचं? चहा निवेपर्यंतही लागत नाही. मी ते कापलं नाही.

इथे थांबता आलं असतं. ग्रुपवर कुणी विचारलं असतं, तर राहून गेलं म्हणता आलं असतं. आणि तुम्हालाही एवढंच सांगून मोकळा होऊ शकलो असतो — दुर्लक्ष केलं, आळस केला, मनात राग होता म्हणून हात चालला नाही. बऱ्याच वर्षांपासून मी स्वतःला हेच सांगत आलो. पण ते तसं नाही.

मी मांजर कापलं.

दार उघडणं, मांजर, बाईचं हसणं — तेवढं सगळं काढून टाकलं. बाई बंद दारासमोर उभी, आणि पुढचं दृश्य थेट सकाळचं. दार उघडतच नाही. मग त्या थापा ऐकल्या. लाकडावर बोटं वाजवल्यासारख्या होत्या, पोकळ. त्या चालणार नव्हत्या. कॅम्प एकमधल्या माझ्या घरी गेलो, न्हाणीघरात शिरलो, दार लावलं, आणि मोबाईल बाहेर ठेवून बायकोचं कपडे धुवायचं धोपाटणं दारावर, दगडावर, ओल्या चादरीवर मारून बघितलं. बायको बाहेरून म्हणाली, “अहो, काय चाललंय आत? कपडे सकाळीच धुतले की मी.” मी म्हटलं, कामासाठी एक आवाज हवाय.

ओल्या चादरीचा बरोबर आला.

तो मी बसवला. आधी जोरात, सलग. मग मधलं अंतर वाढवत नेलं. मग एकच. मग बराच वेळ काही नाही. मग, संपलं असं वाटत असतानाच, आणखी एक — अगदी हलका. सारी दुपार मी ते करत होतो. शेजारच्या मशिनी कधी थांबल्या, कधी परत सुरू झाल्या, कळलं नाही. इतकं मन लावून मी कुणाचं लग्नही एडिट केलेलं नाही. मजा येत होती का? येत होती. हा शब्द टाळण्यासाठी मी इतका वेळ गोल गोल फिरतोय. मला मजा येत होती.

फाईल नितीनला परत पाठवली. “कापलंय रे, आता बिनधास्त दे.” त्याने सिनेमा आधी पाहिलेलाच होता, परत उघडून बघायचं त्याला कारण नव्हतं. त्याने एक बदामाचं चित्र लावून तो प्रज्ञाला पाठवून दिला. तिचं मुखदर्शन व्हायला मध्ये बरेच दिवस होते. त्या दिवसांत मी जेवलो, झोपलो, आधी झालेल्या एका साखरपुड्याचा अल्बम केला. केव्हाही म्हणू शकलो असतो, थांब, चुकीची फाईल गेली. नाही म्हणालो.

रविवारी दुपारी ती बसली. वडील कुठेतरी कार्यक्रमाला गेले होते. तीच बाहेरची खोली. मांडीवर शेंगदाण्यांची वाटी, इअरफोन दोन्ही कानांत. आम्ही सगळे कॉलवर. कुणी लिहिलं, प्रज्ञाबाई ढिम्म आहेत आज. नितीनने लिहिलं, थांबा, पुढे आहे एक जागा. बिचारा मांजराची वाट बघत होता.

मी वेळ ओळखून होतो. तिचा चेहरा स्क्रीनवर मोठा करून घेतला.

पहिल्या थापांना काहीच झालं नाही. हात वाटीत होता, तो तिथेच राहिला. मग तिने एक इअरफोन काढला. तिला वाटलं, आवाज घरातून येतोय. मान मागे वळवली. ओठ हलले. माईक बंद होता, कुणाला काही ऐकू आलं नाही. मी ते ओठ वाचले. ती म्हणाली, आई. मग वाटी सांडवत उठली आणि चौकटीतून निघून गेली. मागे नुसती भिंत आणि तिच्यावरचं कॅलेंडर.

ग्रुपवर हशा उसळला. आऊट, आऊट! उठली, नियम मोडला! पार्टी दे प्रज्ञा! सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. मीही एक टाकला.

ती परत आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. किंवा धुतला असेल. बसली आणि उरलेला सिनेमा शेवटपर्यंत बघितला, कारण मध्ये सोडायचा नाही असा नियम होता. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीच नव्हतं. आणि नितीनने, तिला जरा हसवावं म्हणून, लिहिलं — “अगं, आत मांजर होतं, मांजर! मांजराला एवढी घाबरलीस?”

तिच्या सिनेमात मांजर नव्हतंच.

तिने ते वाचलं, थट्टा समजली आणि कॉल बंद केला. थोड्या वेळाने मला फोन आला. आवाज एकदम सपाट. एकच प्रश्न विचारला. “दादा, नितीनला आईचं माहीत होतं?”

इथे माझं डोकं किती झपाट्याने चाललं, सांगू? नाही म्हणालो असतो, तर प्रश्न माझ्यावर आला असता. मी म्हणालो, “माझी चूक झाली गं. मीच सांगितलं होतं त्याला, जपून निवडावं म्हणून. मी कापूनही दिलं होतं. पण तुला माहितेय ना, त्याला कापलेलं आवडत नाही. त्याने मूळचीच टाकली असेल.” बघा, मोठी चूक झाकायला मी छोटी चूक कबूल केली. छोटी चूक कबूल करणारा माणूस खोटं बोलत असेल, असं कुणाच्या मनात येतं का? तिने ते खरं मानलं. मग म्हणाली, “तू चांगल्या मनाने सांगितलंस, दादा. तुझ्यावर राग नाही.”

नितीन माझ्याकडे धावत आला, खोलीवर. घाम फुटलेला. तिने त्याला सगळीकडून ब्लॉक केलं होतं. मी त्याला सांगितलं की तिला बंद दाराची भीती आहे, मी ते कापलं होतं, त्याच्याकडून बहुतेक जुनी फाईल गेली, दोन्हींचं नाव एकच होतं. त्याने क्षणभर विचार केला. “मी तर तू दिलेलीच पाठवली रे,” म्हणाला. मग लगेच, “पण गेली असेल. माझा धांदरटपणा तुला माहितेय.” मी म्हटलं, दोन्ही फायली उडवून टाक, तिला उद्या दिसल्या तर आणखी दुखेल. माझ्यासमोर बसून त्याने उडवल्या. जाताना थँक्स म्हणाला.

कुळगावला तिच्या बिल्डिंगखाली तो दोनदा जाऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा तिचे वडील खाली आले. सभ्य माणूस, आवाजही चढवला नाही. म्हणाले, तुम्ही इथे येत जाऊ नका. तेवढ्यावरून नितीन परतला. दिवाळीनंतरची बैठक झाली नाही. त्याच्या आईने म्हणे सुटकेचा श्वास सोडला.

मी मुखदर्शनाचं रेकॉर्डिंग केलं होतं, हेही सांगून टाकतो. आमच्यात ते कुणी करत नसे. मी ते परत परत पाहिलं. पश्चात्तापाने नाही हो. कितव्या थापेला मान वळते, ते बघत होतो.

हिवाळ्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. “दादा, राग तरी किती दिवस धरायचा. माणूस वाईट नाही तो, मला माहितेय. त्याला सांग, एकदा फोन कर म्हणावं. मी नाही करणार. पण त्याने केला तर उचलेन. ब्लॉक काढलाय.” मी उत्तर दिलं, सांगतो. सांगितलं नाही. ती दोघं पाच मिनिटं जरी बोलली असती, तरी मांजर निघालं असतं. आठवड्याने तिने विचारलं, सांगितलंस? मी लिहिलं, सांगितलं, काही बोलला नाही. तिने लिहिलं, बरं. त्यानंतर तिने त्याचं नाव काढलं नाही. ग्रुप तिने आधीच सोडला होता. सिनेमे बघत नाही आता, असं म्हणते. मला मात्र अजून भाऊबीजेला फोन करते.

नितीनचं लग्न मागच्या वर्षी झालं. आईने बघितलेली मुलगी, माणगावकडची. चांगली आहे. व्हिडिओ अर्थात मीच करायचा. दादा असताना दुसरा कोण? त्या दिवशी कॅमेराही मी स्वतःच धरला. हॉलमागच्या खोलीत नवरदेवाचे एकट्याचे शॉट घेत होतो. मुंडावळ्या बांधलेल्या, डोक्यावर फेटा, खिडकीचा छान उजेड गालावर. बाकीचे बाहेर गेले होते. कॅमेरा चालू होता. त्याने माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत विचारलं, “दादा, तिने कधी काही विचारलं का रे माझ्याबद्दल?”

बाहेर गुरुजी मुहूर्ताची घाई करत होते. अजून अंतरपाट धरला नव्हता. काहीही करता आलं असतं.

मी म्हणालो, “नाही रे. विसरलीसुद्धा असेल.” आणि फोकस त्याच्या डोळ्यांवर आणला.

तो शॉट मी ठेवला. आवाज काढून, वर सनई घालून, नवरी हार घेऊन येते त्याच्या आधी बसवला. व्हिडिओ द्यायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने तो भाग दोनदा लावून बघितला. चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाली, “इथे किती हळवे झालेत ना हे? कुणाकडे बघत होते?”

मी म्हणालो, “तुमच्याकडे.”